खडकात खिळा ठोकायला नकार देणारा गडी २७व्या वर्षी गेला, पण त्याने लावलेलं भांडण अजून मिटलेलं नाही

समजा, तुमच्या मित्राने मॅरेथॉन पहिल्यांदाच चार तासांच्या आत मारली. त्याने मेडलचा फोटो टाकला, लाइक्सचा पाऊस पडला. तेवढ्यात एकाने हळूच विचारलं, शूज कार्बन प्लेटवाले होते ना? मग यातली थोडी मिनिटं शूजच्या नावावर टाक.

किंवा एखादी मैत्रीण सह्याद्रीतला सुळका सर करून आली. तिलाही कुणीतरी विचारतंच. बोल्ट आधीचेच मारलेले होते ना? दोर वरून होता ना? मग त्यात विशेष काय?

झालं, इथून वाद पेटतो. शूज घालणं म्हणजे चीटिंग का? बोल्टला धरून चढलं तर ती चढाई धरायची का? अवघड कशाला म्हणायचं आणि ते ठरवणार कोण?

तुम्हाला वाटेल हे सगळे आजकालचे वाद आहेत, महागडे शूज आणि इन्स्टाग्राम आल्यावर सुरू झालेले. तर तसं नाही. हेच भांडण १९११ साली युरोपात आल्प्सच्या पायथ्याशी इतकं पेटलं होतं, की गिर्यारोहणाच्या इतिहासात त्याला स्वतःचं नाव मिळालं. जर्मन भाषेत त्याला जे म्हणतात त्याचा मराठीत अर्थ होतो, खिळ्यांचा वाद.

आणि हा वाद ज्याने सुरू केला तो होता २४ वर्षांचा एक पोरगा. नाव पाउल प्रॉइस.

लहानपणी आजारपण, मग डोंगर

पाउल प्रॉइसचा जन्म १९ ऑगस्ट १८८६ चा. गाव आल्टआउसे, ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतातलं तळ्याकाठचं छोटं गाव. चारी बाजूंनी डोंगर. घर ज्यू. वडील संगीत शिकवायचे आणि त्यांना झाडापानांचा भारी नाद होता.

पाउल लहान असताना त्याला पोलिओसारखा आजार झाला. अंगाचा काही भाग लुळा पडला. पुढे हा पोरगा आल्प्समधला सगळ्यात धाडसी क्लाइंबर होईल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

पण व्यायाम आणि चालणं या दोन गोष्टींनी त्याला हळूहळू उभं केलं. वडील त्याला फुलं-वनस्पती शोधायला डोंगरात न्यायचे. त्या भटकंतीत त्याचे पायही तयार झाले आणि डोंगराची गोडीही लागली. पाउल दहा वर्षांचा असताना वडील वारले. पोरगा मात्र डोंगरात जायचा थांबला नाही. थोडा मोठा झाल्यावर तो एकटाच जायला लागला.

अभ्यासातही तो कच्चा नव्हता. आधी व्हिएन्ना, मग म्युनिक, असं शिकत त्याने वनस्पतींच्या शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. साल १९१२.

म्हणजे हा माणूस पेशाने गाइड नव्हता. डोंगर चढणं हे त्याचं पोट नव्हतं, तो त्याचा छंद होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या भांडणात ती महत्त्वाची ठरणार आहे.

छंद म्हणायचा, पण आकडे बघा. त्याच्या छोट्याशा आयुष्यात त्याने सुमारे १२०० चढाया केल्याचं सांगितलं जातं. त्यातल्या ३०० च्या आसपास एकट्याने. आणि दीडशेच्या आसपास अशा वाटांनी, ज्या वाटांनी त्याच्याआधी कुणीच गेलं नव्हतं.

तेव्हा दोर म्हणजे काय होता?

भांडण समजून घ्यायचं तर आधी त्या काळचं सामान बघावं लागेल.

आज आपण क्लाइंबिंगचे व्हिडिओ बघतो तेव्हा क्लाइंबरच्या कमरेला हार्नेस असतो, डोक्यावर हेल्मेट असतं, ताण बसला की थोडा ताणला जाणारा नायलॉनचा दोर असतो. पडला तर झटका बसतो, माणूस लोंबकळतो, हसतो आणि परत सुरू करतो.

१९११ मध्ये यातलं काहीच नव्हतं. दोर हेंप नावाच्या झाडाच्या धाग्यांचा, म्हणजे साधारण आपल्या तागाच्या जातीचा. तो थेट कमरेला बांधायचा. पुढे चढणारा माणूस बऱ्यापैकी उंचीवरून पडला तर दोर तुटण्याची भीती, आणि नाही तुटला तर त्या झटक्याने बरगड्या मोडण्याची. त्यामुळे त्या काळचा साधा नियम होता, पुढच्या माणसाने पडायचंच नाही.

मग आल्या दोन नव्या गोष्टी.

पहिली म्हणजे पिटॉन. खडकाच्या फटीत हातोडीने ठोकायचा लोखंडी खिळा. तो आधीही होता, पण १९१० च्या सुमाराला हान्स फिख्टल नावाच्या टायरोलमधल्या क्लाइंबरने त्याला एकसंध आकार दिला, टोकाला भोक असलेला.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅरॅबिनर, उघडझाप होणारी लोखंडी कडी. आगीच्या बंबावरचे जवान अशा कड्या वापरायचे. म्युनिकच्या ओटो हेर्त्सोगने ती कल्पना उचलून खडकावर आणली असं सांगतात.

ही कडी येण्याआधी खिळ्यातून दोर घालायचा तर कड्यावर लटकलेल्या अवस्थेत कमरेची गाठ सोडायची, दोर ओवायचा आणि पुन्हा बांधायचा. कडी आली आणि हे काम एका सेकंदावर आलं.

याचा परिणाम काय झाला असेल? खिळा ठोका, कडी अडकवा, दोर घाला, पुढे चला. जिथे हाताला पकड नाही तिथे खिळ्यालाच धरा. जिथे गुळगुळीत भिंत आडवी येते तिथे दोराला लटकून झोका घेत पलीकडे जा. कालपर्यंत जे कडे अशक्य म्हणून सोडून दिले होते ते एकेक करून सर व्हायला लागले.

सगळे खूश होते. पाउल प्रॉइस नव्हता.

१९११ चा जुलै

जुलै १९११ मध्ये प्रॉइसने दोन चढाया अशा केल्या की सगळ्या आल्प्समध्ये त्याचं नाव झालं.

२४ जुलैला तो टायरोलमधल्या टोटनकिर्खल नावाच्या डोंगराच्या पश्चिम भिंतीवर चढला. एकटा. ही वाट त्याच्याआधी फक्त एकदाच चढली गेली होती.

चारच दिवसांनी, २८ जुलैला, तो होता ब्रेंटा डोलोमाइट्समध्ये. आज हा भाग इटलीत येतो, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होता. तिथे कँपानिले बासो नावाचा सुळका आहे. नावाचा अर्थ बुटका घंटाघर, पण फोटो बघितला तर बुटका म्हणायची हिंमत होणार नाही. आपल्याकडचा लिंगाणा पहिल्यांदा बघताना पोटात जसा गोळा येतो, तसंच काहीसं. १८९९ मध्ये पहिल्यांदा दोन जण त्याच्या माथ्यावर पोचले होते.

प्रॉइससोबत त्याची बहीण मिना होती आणि मित्र पाउल रेली. प्रॉइसने त्या दोघांना थांबवलं आणि स्वतः एकटा पूर्वेच्या भिंतीवर चढायला लागला. शंभर मीटरहून थोडी जास्त उंचीची, जवळजवळ सरळ उभी भिंत. त्या बाजूने त्याच्याआधी कुणीच चढलं नव्हतं. म्हणजे पुढे पकड आहे की नाही हेही माहीत नाही. दोर नाही, खिळे नाहीत. चुकलं तर विषय संपला.

साधारण दोन तासांत तो माथ्यावर होता.

आणि यातली खरी कमाल चढण्यात नाही, पुढच्या भागात आहे. तो उतरलासुद्धा हातापायांनीच, दोराला लटकून नाही. डोंगरात फिरणाऱ्यांना विचारा, चढण्यापेक्षा उतरणं किती वाईट असतं ते. पाय कुठे ठेवायचा तेच दिसत नाही.

आणि मग त्याने लेख लिहिला

त्याच ऑगस्टमध्ये एका जर्मन अल्पाइन मासिकात प्रॉइसचा लेख छापून आला. विषय होता डोंगरात वापरली जाणारी कृत्रिम साधनं.

लेखाचा सूर सरळ होता. खिळे ठोकून, दोराला लटकून वर गेलात, तर तुम्ही डोंगर चढलात असं म्हणता येणार नाही. तो डोंगर तुम्ही तुमच्या पातळीला खाली ओढलात. आणि असंच करायचं असेल तर मग कुठलाही कडा अशक्य राहणार नाही, फक्त खिळे किती आणि वेळ किती एवढाच प्रश्न उरेल.

त्यानंतरच्या वादात त्याने आपलं म्हणणं सहा मुद्द्यांत मांडलं. सोप्या भाषेत सांगायचं तर ते असे.

एक, समोरच्या चढाईला तुम्ही जेमतेम पुरे पडून चालणार नाही, तुमची ताकद तिच्यापेक्षा जास्त असली पाहिजे.

दोन, जेवढं सुरक्षितपणे उतरता येतं तेवढंच चढायचं.

तीन, कृत्रिम साधनं फक्त जिवावर बेतलं तरच.

चार, खिळा हा संकटातला उपाय आहे. खिळ्यांच्या भरवशावर चढाईची आखणी करायची नाही.

पाच, दोर मदतीला असू द्या, पण दोर नसता तर ही चढाई झालीच नसती असं होऊ देऊ नका.

सहा, सुरक्षितता सगळ्यात महत्त्वाची. पण ती स्वतःच्या कुवतीच्या खऱ्या अंदाजातून आली पाहिजे. आपली कमजोरी खिळ्यांनी झाकून मिळवलेली सुरक्षितता खरी नाही.

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. लोक प्रॉइसला जिवावर उदार झालेला वेडा समजतात. त्याचं म्हणणं बरोबर उलटं होतं. त्याच्या मते खिळे माणसाला बेफिकीर बनवतात. खिळा आहे म्हणून तो अशा जागी जातो जिथे त्याने जायलाच नको होतं. तागासारख्या दोराच्या त्या जमान्यात या बोलण्यात बराच दम होता.

समोरची बाजूही कच्ची नव्हती

लेखावर तुटून पडणारे लोक ऐरेगैरे नव्हते.

सगळ्यात मोठं नाव होतं टिटा पियाझ. डोलोमाइट्सचा सैतान म्हणून ओळखला जाणारा गाइड. टोटनकिर्खलची जी वाट प्रॉइसने एकट्याने चढली, ती आधी पियाझनेच काढली होती. १९०६ मध्ये एका सुळक्यावर पोचण्यासाठी त्याने पलीकडे दोर फेकून, त्या दोराला लटकत दरी ओलांडली होती. प्रॉइसच्या नियमात हे अजिबात बसत नव्हतं.

पियाझचं म्हणणं साधारण असं होतं, की माणसाचा जीव कुठल्याही तत्त्वापेक्षा मोठा आहे. एक खिळा ठोकून एखादा बाप घरी परत जाणार असेल तर तो ठोकलाच पाहिजे. आणि प्रॉइसला जे जमतं ते बघून कोवळी पोरं त्याची नक्कल करायला जातील, त्यांचं काय?

इथे मघाची गोष्ट आठवा. प्रॉइस हौशी होता. पियाझचं पोट डोंगरावर होतं. गाइडच्या दोराला मागे गिऱ्हाईक बांधलेलं असतं, तेही आपल्याइतकं तयार नसलेलं. त्याला वर न्यायचं आणि जिवंत खाली आणायचं ही त्याची भाकरी होती. हौशी माणसाला साधनं नाकारायची चैन परवडते. दुसऱ्याचा जीव हातात घेतलेल्या माणसाला ती परवडतेच असं नाही.

फ्रान्झ नीबर्ल हाही वादात उतरला. खडकावर कसं चढावं याचं पुस्तक लिहिणारा माणूस. मग तरुणांच्या बाजूने हान्स ड्युल्फर होता. प्रॉइसहून सहा वर्षांनी लहान, दोर आणि खिळ्यांच्या तंत्रात उस्ताद. १९१२ मध्ये त्याने एका साथीदारासोबत टायरोलमधल्या फ्लाइशबांक डोंगराची पूर्व भिंत सर केली, तीसुद्धा दोराला झुकून आडवं जायचं तंत्र वापरून. पुढची वीस वर्षं आल्प्स याच पद्धतीने चढले गेले.

१९१२ च्या सुरुवातीला म्युनिकमध्ये या विषयावर समोरासमोर चर्चाही झाली. गंमत म्हणजे या लोकांमध्ये वैर नव्हतं. एकमेकांच्या चढायांबद्दल त्यांना आदर होता. मासिकात एकमेकांना झोडपायचे आणि डोंगरात भेटले की गप्पा मारायचे.

डोळ्यासमोर तिघे गेले

१५ ऑगस्ट १९१२. मों ब्लांच्या इटलीकडच्या बाजूला मों रूज द प्युतेरे नावाचा डोंगर आहे. प्रॉइससोबत एक इंग्लंडहून आलेलं जोडपं होतं. हम्फ्री ओवेन जोन्स, केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ, आणि त्यांची बायको म्युरिएल, तीही रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या लग्नाला फक्त दोन आठवडे झाले होते. सोबत गाइड होता, ज्युलियस ट्रुफर.

ते तिघे एका दोराला बांधलेले होते. प्रॉइस नेहमीप्रमाणे दोराशिवाय, पुढे.

गाइडचा तोल गेला. तो पडला आणि दोराने बांधलेले उरलेले दोघेही त्याच्यासोबत खेचले गेले. तिघेही खालच्या हिमनदीवर कोसळले. प्रॉइसने हे डोळ्यांनी पाहिलं.

हा प्रसंग कुठल्या बाजूचा पुरावा आहे? प्रॉइसच्या बाजूने बोलायचं तर दोरानेच तिघांना नेलं. दोर नसता तर कदाचित एकच गेला असता. विरोधकांच्या बाजूने बोलायचं तर तोच दोर एखाद्या पक्क्या खिळ्याला अडकवलेला असता तर कदाचित कुणीच गेलं नसतं.

तुम्ही कुठल्याही बाजूने असा, त्या दिवशी डोंगरावर जे झालं ते मासिकातल्या वादापेक्षा खूप मोठं होतं. प्रॉइसला याचा मोठा धक्का बसला. पण तो चढत राहिला, आणि आपल्या पद्धतीनेच चढत राहिला.

३ ऑक्टोबर १९१३

१९१३ पर्यंत प्रॉइस स्टार झाला होता. त्याच्या व्याख्यानांना हॉल भरत होते. तो विनोदी बोलायचा, लोकांना आवडायचा.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो गोसाउकाम नावाच्या डोंगररांगेत गेला. त्याच्या जन्मगावापासून हा भाग फार लांब नाही. तिथल्या मान्डलकोगल शिखराची उत्तरेकडची धार कुणीच चढलं नव्हतं. तो एकटाच निघाला.

३ ऑक्टोबरला तो त्या धारेवरून पडला. तीनशे मीटरच्या आसपास. बघायला कुणी नव्हतं. तो परतला नाही म्हणून शोध सुरू झाला, तोवर बर्फ पडून गेलं होतं. काही दिवसांनी ताज्या बर्फाखाली त्याचा देह सापडला. वय २७.

त्याला आल्टआउसेमध्येच पुरलं.

पडला कसा, पकड तुटली की पाय सरकला, की आणखी काही, हे कायमचं त्याच्यासोबत गेलं. विरोधकांना मात्र आयतंच उत्तर मिळालं. बघा, खिळा ठोकला असता तर वाचला असता. हे बोलणं क्रूर होतं, पण खोटं म्हणता येत नव्हतं. आपल्या कुवतीचा अंदाज हीच खरी सुरक्षितता, हा त्याचा नियम. आणि अंदाज चुकायला एकच दिवस पुरतो.

त्याच्या विरुद्ध बाजूचा ड्युल्फरही फार जगला नाही. १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये आरासजवळ तो मारला गेला. वय २३. खिळे असोत नसोत, त्या पिढीचं मरण दुसरीकडेच टपून बसलं होतं.

मग त्याचं नावच पुसलं गेलं

आता गोष्टीचा तो भाग, जो शूज आणि खिळ्यांच्या पलीकडचा आहे.

प्रॉइसने १९०९ मध्ये ज्यू धर्म सोडून प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला होता. पण पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात वारं फिरलं. धर्म नाही, वंश बघितला जाऊ लागला. १९२१ मध्ये जर्मन-ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबच्या व्हिएन्नातल्या ऑस्ट्रिया शाखेने ज्यूंना दार बंद केलं. ज्यू क्लाइंबर आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या काही जणांनी डोनाउलांड नावाची वेगळी शाखा काढली. १९२४ मध्ये त्या शाखेलाही क्लबमधून काढून टाकलं.

नंतर नाझी आले. ज्यू घरात जन्मलेला माणूस आल्प्सचा सगळ्यात शुद्ध क्लाइंबर होता, ही गोष्ट त्यांच्या गोष्टीत बसणारी नव्हती. त्याचं नाव लिखाणातून मागे पडत गेलं आणि एक-दोन पिढ्यांना तो जवळजवळ माहीतच राहिला नाही.

खिळा वापरला तर चढाई फेअर का, यावर ज्या लोकांनी पानंच्या पानं खर्च केली, त्यातल्याच अनेकांना डोंगरावर कुणाला येऊ द्यायचं हा फेअरनेसचा प्रश्न दिसला नाही. किंवा दिसला आणि चाललं.

त्याला परत आणलं ते मुख्यतः राइनहोल्ड मेस्नरने. हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ८ मे १९७८ ला पीटर हाबेलरसोबत ऑक्सिजन सिलिंडरशिवाय एव्हरेस्ट चढणारा माणूस. मेस्नर प्रॉइसला आपला गुरू मानतो, त्याने त्याच्यावर पुस्तक लिहिलंय. आणि सिलिंडर न घेता एव्हरेस्ट चढणं म्हणजे प्रॉइसचाच मुद्दा आहे, फक्त खिळ्याच्या जागी सिलिंडर.

मग शेवटी जिंकलं कोण?

सरळ उत्तर, खिळे जिंकले. आज दोर, हार्नेस, बोल्ट यांच्याशिवाय क्लाइंबिंग शिकवतच नाहीत, आणि शिकवूही नये. लाखो लोक आज सुरक्षितपणे चढतात ते प्रॉइसच्या विरोधकांमुळे.

पण प्रॉइस पूर्ण हरला असंही नाही. त्याचा प्रश्न क्लाइंबिंगच्या मोजमापात जाऊन बसला.

प्रॉइसच्या काळात चढाईची ग्रेड ठरवायच्या पद्धती बाल्यावस्थेत होत्या. १८९४ मध्ये फ्रिट्झ बेनेश नावाच्या माणसाने सात पायऱ्यांची पद्धत काढली होती. त्यात सात म्हणजे सगळ्यात सोपं आणि एक म्हणजे सगळ्यात अवघड. पुढे एकपेक्षा अवघड चढाया झाल्या तेव्हा पंचाईत झाली आणि शून्य, मग दोन शून्य, असं सुरू झालं. १९२० च्या दशकात विलो वेल्त्सेनबाखने सहा पायऱ्यांची पद्धत आणली, एक सोपं, सहा अवघड. त्यातून आजची आंतरराष्ट्रीय पद्धत आली. पण सहा हीच माणसाची हद्द असं बराच काळ धरलं होतं. शेवटी १९७० च्या दशकात सातवी पायरी मान्य करावी लागली.

या सगळ्यात एक मोठी सुधारणा झाली. हातापायांनी चढलेल्याची ग्रेड वेगळी, आणि खिळ्याला धरून, लटकून चढलेल्याची वेगळी. खिळ्याला एकदा जरी धरलं तरी तो भाग दुसऱ्या वहीत लिहायचा. खिळा ठोकू नका असं कुणी म्हणालं नाही. ठोकलात तर सांगा, एवढंच म्हणाले.

आणि सांगितलं नाही तरी काय वापरलंय ते खडक सांगतो. १९७० मध्ये इटलीचा चेझारे माएस्त्री अर्जेंटिनातल्या चेरो तोरे या सुळक्यावर इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर घेऊन गेला आणि ड्रिल करून शेकडो बोल्ट मारले. जगभरचे क्लाइंबर भडकले. २०१२ मध्ये दोन तरुण जवळपास त्याच वाटेने, त्यातले बहुतेक बोल्ट न वापरता चढले आणि उतरताना शंभराहून जास्त बोल्ट काढून टाकले. मग आणखी वेगळे लोक भडकले. खिळ्यांचा वाद शंभर वर्षांनीही जिवंत होता.

२०१७ मध्ये ॲलेक्स होनोल्ड दोराशिवाय अमेरिकेतला एल कॅपिटन चढला, त्यावर सिनेमा आला, ऑस्कर मिळालं. पण त्याने ती वाट आधी दोर लावून पुन्हा पुन्हा घोटली होती. प्रॉइस कँपानिले बासोवर पहिल्यांदाच, काहीच माहीत नसताना गेला होता. दोघंही विनादोर, तरी दोन्ही गोष्टी एक नाहीत. होनोल्डची चढाई त्याने कितीतरी पट जास्त अवघड होती. म्हणजे अवघड काय, यालाही एकच उत्तर नाही.

धावण्यातही हेच झालंय. १२ ऑक्टोबर २०१९ ला एलिउद किपचोगेने मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापलं. शहर कुठलं? व्हिएन्ना, जिथे प्रॉइस शिकला. पण तो विश्वविक्रम धरला नाही. कारण पेसर्स टप्प्याटप्प्याने बदलत होते, पाणी सायकलवरून हातात येत होतं आणि ती खुली स्पर्धा नव्हती. कामगिरी खोटी होती का? अजिबात नाही. फक्त ती वेगळ्या वहीत लिहिली गेली.

त्यानंतर २०२० मध्ये वर्ल्ड ॲथलेटिक्सने शूजवर नियम आणले. रोड रेससाठी सोल जास्तीत जास्त ४० मिलिमीटर, आत प्लेट एकच. आणि शंभर मीटरच्या शर्यतीत पाठीवरचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर वेळ लिहितात, पण विक्रम देत नाहीत, हा नियम तर कितीतरी जुना आहे.

आपल्या सह्याद्रीतही हाच प्रश्न आहे. एखाद्या सुळक्यावर पहिल्या चढाईच्या टीमने चार बोल्ट मारले असतील तर पुढच्या टीमने आणखी दहा मारावेत का? नवख्यांचा जीव वाचेल म्हणून हो? की वाट स्वस्त होईल म्हणून नाही? कातळ पावसात भिजतो, जुने बोल्ट गंजतात. तिथे नवीन बोल्ट मारणाऱ्याला कमी लेखणं सोपं असतं, पण त्यात पियाझचा तो घरी परतणारा बाप विसरला जातो.

म्हणून मित्राच्या कार्बन शूजवरून पुढच्या वेळी वाद झाला, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्याने कुठले शूज घातले ते लपवलं नाही, तर त्याने फसवलेलं नाही. वेळ त्याचीच आहे, फक्त शूजसकट आहे. आणि डोंगरात जाणार असाल तर प्रॉइसचा दुसरा नियम सोबत घ्या. जेवढं उतरता येतं तेवढंच चढायचं.

हा नियम ज्याने दिला तो स्वतः एका ऑक्टोबरमध्ये उतरू शकला नाही. म्हणून दोरही सोबत घ्या.

तुम्हाला काय वाटतं? १९११ मध्ये असता तर तुम्ही प्रॉइसच्या बाजूने असता की पियाझच्या? कमेंटमध्ये नक्की सांगा.